डाव्या सीटवरचं वजन

"सुटला?" डॉक्टरांनी वरून विचारलं.

"सुटला असता तर मी अशी लोंबकळत असते का?"

गाडीखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटात, उभी राहून मी पान्याच्या दांड्यावर सगळं अंग टाकलं होतं. दांडा पुरेना म्हणून त्यावर लोखंडी नळी चढवली होती, तरी बोल्ट जागचा हलत नव्हता. पिटाच्या काठावर रंगाचा रिकामा डबा उपडा घालून डॉक्टर बसले होते. मला खालून त्यांचे फक्त बूट दिसत होते आणि बुटांना वाळलेलं शेण होतं.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर जयवंत मगदूम, गुरांचे डॉक्टर, सरकारी दवाखान्यातले. मिरज तालुक्यातल्या निम्म्या म्हशी त्यांना चेहऱ्यानं ओळखत असतील. त्यांची जुनी निळी गाडी आमच्याकडे यायची. आमच्याकडे म्हणजे सांगलीत, अण्णांच्या गॅरेजात. अण्णा माझे वडील. त्यांचे गुडघे गेले आणि पिटात उतरणं बंद झालं, तेव्हापासून गाडीखालचं सगळं काम माझ्याकडे आलं. पोरगी गाडी खोलते म्हणून लोक आधी नुसते बघायला यायचे. पुढं गाडी घेऊन यायला लागले.

"टॉर्च दाखव जरा," अण्णा काठावरून वाकून म्हणाले. "कुठला राहिलाय?"

"मागचा डावा. बाकीचे तीन आले."

गाडीच्या पुढच्या भागाखाली एक जाड लोखंडी चौकट असते, तिला सबफ्रेम म्हणतात. पुढची चाकं धरणारे लोखंडी हात, म्हणजे आर्म, तिला जोडलेले असतात आणि इंजिनाचा भारही तिच्यावर येतो. चार मोठे बोल्ट तिला गाडीच्या अंगाला धरून ठेवतात. मध्ये आणि आर्मच्या टोकांनाही रबराचे बुश असतात, म्हणजे खड्ड्यातला दणका सरळ आत बसणाऱ्याच्या कमरेत जात नाही. डॉक्टरांच्या गाडीचे बुश पार लगदा झाले होते. ब्रेक दाबला की गाडी खालून 'खट्' करायची आणि डावीकडं ओढायची. पुराच्या वर्षी ही गाडी दारापर्यंत पाण्यात उभी होती. कृष्णेचा गाळ सबफ्रेमच्या पोकळीत शिरून बसला होता आणि आतल्या आत बोल्ट खात होता.

काढलेल्या तिघांतला एक बोल्ट मी वर दिला. मधोमध झिजून त्याची कंबर बारीक झाली होती.

"हे बघा, डॉक्टर. असंच आणखी एक वर्ष फिरला असतात, तर चाकं एका वाटेनं गेली असती आणि तुम्ही दुसऱ्या."

"म्हशीच्या पोटात तार सापडते तसा झालाय हा." त्यांनी बोल्ट बोटांत फिरवला. "पण उस्ताद, उद्यापर्यंत व्हायला पाहिजे हां सगळं. परवा सकाळी निघायचंय."

ते मला उस्ताद म्हणायचे. गॅरेजात मला पोरी, हेमे, ताई, मॅडम असं काहीही म्हणणारे होते, पण उस्ताद म्हणणारे तेवढे एकच.

"कुठं निघालाय? जतला लसीकरण आहे का?"

"नंदुरबारला. बदली झाली."

पिटात असण्याचा एक फायदा असतो, आपलं तोंड कुणाला दिसत नाही. मी पाना पुन्हा बोल्टाला लावला आणि उगीचच जोर करत राहिले.

"लई लांब की," अण्णा म्हणाले.

"लांब तर आहेच, अण्णा. सरकारनं नकाशाचं दुसरं टोक शोधून काढलं माझ्यासाठी."

मला डॉक्टर आवडत होते. आवडत होते म्हणजे नुसते आवडत नव्हते. गाडीला काही झालेलं नसतानासुद्धा ते चहाच्या वेळेला यायचे, त्या डब्यावर बसायचे आणि रात्री कुठल्या गोठ्यात काय घडलं ते सांगायचे. वासरू आडवं आलं, मालकानं देव पाण्यात ठेवले, ह्यांनी खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ केलं, आणि ते बाहेर येऊन पहिल्यांदा कसं शिंकलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा, की दोन दिवस त्यांची गाडी दिसली नाही तर मला गॅरेज ओस वाटायचं. मी त्यांना वाट्टेल ते बोलायची, चेष्टा करायची, गाडी नीट चालवत नाहीत म्हणून झापायची. जे बोलायचं ते मात्र कधी बोलले नव्हते. घाई काय, गाडी जुनी आहे, माणूस येतच राहणार, असं वाटत होतं.

"गॅसनं तापवू का, अण्णा?" मी विचारलं.

"नको. रबर पेटंल, वर इंजनाच्या नळ्या हाईत. डिझेल सोड त्याच्यावर आणि राहू दे. मुरलं की उद्या येईल." मग डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "उद्या या तुम्ही. गाडी आज अशीच राहू द्या. गुमान सुटणारा बोल्ट हाय, वडायला गेलं तर तुटंल."

तो बोल्ट मला त्या वेळी माझ्या बाजूचा वाटला. डॉक्टर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गेले. मी बोल्टाच्या डोक्यावर डिझेल सोडत बसले. अण्णा बाकावर हत्यारं पुसत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी घरी मी आरशासमोर उभी राहून काय बोलायचं ते जुळवलं. मला प्रेमाबिमाचं बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. खूप खाडाखोड करून शेवटी जे वाक्य हाती लागलं ते असं होतं : "डॉक्टर, नंदुरबारला तुमची गाडी कोण बघणार?" ह्याच्यावर माणसाला डोकं असेल तर तो म्हणेल, तूच चल की. नसेल तर नाही. माझ्या दृष्टीनं हे फार धीट वाक्य होतं. झोपताना ते आठवून मला एकटीलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कामाच्या डगल्याच्या आत नवा मोतिया रंगाचा ड्रेस घालून गेले. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "ऑइल लागंल त्याला."

"लागू दे."

बोल्ट पहिल्या झटक्यालाच सुटला. 'कर्र' असा आवाज झाला आणि पाना माझ्या हातात मऊ फिरायला लागला. एरवी असा हट्टी बोल्ट सुटला की मी पिटातून ओरडून अण्णांना सांगायची. त्या दिवशी मला वाईट वाटलं. सबफ्रेम खाली घेतली, पोकळीतला गाळ खरवडून काढला, जुने बुश ठोकून बाहेर काढले. नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून शिकंज्यात दाबून बसवले. ह्या कामाला दुपार झाली. डॉक्टर तोपर्यंत येऊन आपल्या डब्यावर बसले होते.

सबफ्रेम वर चढवून मी बोल्ट नुसते हातानं लावत होते. खालून त्यांचे बूट दिसत होते. आज ते पुसलेले होते. मला वाटलं, हीच वेळ.

"डॉक्टर."

"हां."

"नंदुरबारला तुमची गाडी कोण बघणार?"

ते हसले. "तोच विचार करतोय कालपासून. तिथं तुझ्यासारखं कोण मिळणार? दर पावसाळ्याच्या आधी गाडी घेऊन सांगलीलाच यावं लागणार."

दर पावसाळ्याच्या आधी. तूच चल नव्हतं ते, पण अगदीच काही नाही असंही नव्हतं. मी बोल्ट फिरवत होते आणि मनातल्या मनात कितीतरी पावसाळे मोजत होते. पुढं ती गाडी सांगलीला कधी आली नाही. पण त्या दुपारी मला तसं काही ठाऊक नव्हतं. चार बोल्ट, दोन्ही आर्म, सगळं हातानं लागलं, जॅक काढला, गाडी आपल्या चाकांवर उभी राहिली. मी पिटातून वर आले तेव्हा खुशीत होते.

आता राहिली होती शेवटची आवळणी, आणि तिची आमच्याकडं एक रीत होती. आर्मच्या बुशातलं रबर ज्या स्थितीत आवळाल, ती त्याला आपली जागा वाटते. गाडी जॅकवर टांगलेली असताना आवळलं, तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. म्हणून हे बोल्ट नेहमी गाडी जमिनीवर असताना, वजनावर आवळायचे. हे बरेच लोक करतात. अण्णा त्याच्या पुढं जायचे. ते मालकाला विचारायचे, गाडीत एरवी किती माणसं असतात, आणि तेवढी माणसं आत बसवून मगच आवळायचे. शाळेची मुलं नेणारी गाडी असली तर गल्लीतली पोरं गोळा करायचे. माणसं मिळाली नाहीत तर कोपऱ्यात वाळूची पोती होती, ती सीटवर ठेवायची. लोक ह्या रितीला हसायचे, पण अण्णांनी बसवलेले बुश टिकायचे. गॅरेज आता मी चालवते आणि मीही अजून तसंच करते.

"हं, डॉक्टर," अण्णांनी विचारलं, "किती माणसं असत्यात गाडीत?"

डॉक्टर डब्यावरून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आत्तापर्यंत मी एकटाच होतो, अण्णा. आता दोघं धरा."

"म्हंजे?"

"लग्न ठरलंय. सोलापूरची मुलगी आहे, सुनेत्रा नाव. बदलीचं कळलं तसं घरच्यांनी घाई केली. उद्या सोलापूरला जायचं, तिथं घरच्या घरी लग्न आणि तिथूनच पुढं दोघांनी नंदुरबारला." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "कालच सांगणार होतो तुला. पण तू त्या बोल्टाशी भांडत होतीस."

"अरे वा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "अभिनंदन, डॉक्टर." आणखी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, "मग पेढे कुठं आहेत?"

"पेढे लग्नानंतर."

अण्णा म्हणाले, "दोघं तर दोघं. डॉक्टर, तुम्ही बसा तुमच्या जागेवर. हेमे, तू डावीकडं बस."

"मी? मग आवळणार कोण?"

"मी आवळतो."

"तुम्ही पिटात उतरणार?"

"का, पिट माझा न्हाई व्हय?"

"पोतं ठेवू की अण्णा सीटवर. पोती आहेत ना."

"पोती भिजल्यात. वजन चुकंल." त्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. "बस जा."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. बापाला काही म्हणजे काही कळत नाही, असं वाटलं. दुसऱ्या बाईच्या जागी मला बसवतायत, आणि तेही कशाला, तर वजन म्हणून. पण डॉक्टरांच्या देखत वाद घालता येईना. मी डगला उतरवला, कारण सीटला ऑइल लागलं असतं. नव्या ड्रेसवर डाव्या सीटवर जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

त्या गाडीत मी किती वेळा बसले असेन, पण नेहमी स्टिअरिंगवर आणि एकटी, काम झाल्यावर चक्कर मारून बघायला. ह्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. इथून गाडी वेगळीच दिसत होती. समोरच्या कप्प्यात सुया, कापूस, बिस्किटाचा अर्धा पुडा. डॉक्टर शेजारी होते, हात लांब केला तर लागेल इतके. त्यांच्या अंगाला औषधाचा आणि साबणाचा वास येत होता. मला तिथंच बसून राहावंसं वाटलं. उद्यापर्यंत, नंदुरबारपर्यंत.

अण्णा भिंतीला धरून एकेक पायरी खाली गेले. त्यांचं कण्हणं ऐकू आलं. मग खालून आवाज, "हलू नका रं कुणी. मी सांगितल्याशिवाय उतरायचं न्हाई."

पाना फिरायला लागला. अण्णांचा तो टॉर्कचा पाना होता, एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला. ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला गेला की तो 'कट्ट' आवाज करायचा. लोखंड कुरकुरलं, पाना फिरला, आणि कट्ट.

"उस्ताद, एक विचारू?" डॉक्टर म्हणाले.

"विचारा की."

"बायकोशी बोलायचं काय असतं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं, गाडी उभी असताना.

"म्हणजे बघ ना, एकदाच भेटलोय आम्ही. चार मोठी माणसं समोर. आणि आता परवा एकदम दीड दिवसाचा रस्ता, दोघंच. मला म्हशींशिवाय काय येतं?"

"मग म्हशींचं बोला."

"ती शहरातली आहे गं."

"शहरातली माणसं दूध पीत नाहीत का?"

ते हसले. खालून पुन्हा कट्ट असा आवाज झाला. "हे असं," ते म्हणाले. "तुझ्याशी बोलताना मला काही शोधावं लागत नाही. आपोआप सुचतं. तिच्यासमोर बसलो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती."

ते वाक्य त्यांनी किती सहज टाकलं. मला वाटलं, आत्ता म्हणावं, की डॉक्टर, असं कुणाशी आपोआप सुचत असेल तर त्याला काय म्हणतात हे तुम्हाला एवढं शिकून कळत नाही का. शब्द पार ओठांवर आले होते. कट्ट. खाली अण्णा आहेत आणि गाडीत बोललेलं पिटात सगळं ऐकू येतं, हे मला माझ्या अनुभवावरून माहीत होतं. पण अण्णांची भीती नव्हती. मला थट्टेची सवय होती, दुसरं काही करायची नव्हती, आणि सवयच पुढं धावली.

"मग फोन करा की तिला," मी म्हटलं. "आत्ता लावा. विचारा, बाई, तुझ्याशी काय बोलू?"

"आत्ता?"

"घाबरता का? बैलाच्या शिंगाला हात घालता आणि मोबाइलला भिता?"

मला वाटलं, लावणार नाहीत. पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि लावला. पलीकडून उचलल्याबरोबर त्यांचे कान लाल झाले.

"हॅलो. मी, जयवंत. नाही, काही नाही, सहज. गाडीचे... गाडीचे बुश बदलले."

मी तोंड दाबून हसले. त्यांनी माझ्याकडं अगतिक होऊन बघितलं आणि म्हणाले, "हे बघ, ही आहे ना इथं, हेमलता. सांगितलं होतं मी. घे, तिच्याशीच बोल." आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"ताई?" आवाज हळू होता, पण स्वच्छ. "तुम्हीच का त्या? त्या दिवशी हे फारसं बोललेच नाहीत. जे काय बोलले ते गाडीबद्दल, आणि गाडी आली की तुम्ही आलातच."

"हो का," मी म्हटलं.

"जवळच आहेत का ते?"

"शेजारीच."

"मग तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा. चालेल ना? मला घरात कुणाला विचारायची सोय नाही. सगळे म्हणतात, सरकारी नोकरी आहे, आणखी काय पाहिजे. तुम्ही त्यांना किती दिवस ओळखता. रागीट आहेत का?"

"नाही."

"पितात वगैरे?"

"नाही."

"बोललेलं पाळतात?"

"हो."

तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघत होते, काय विचारतेय, अशी खूण करत होते. खालून कट्ट.

"ताई, मी आयुष्यात सोलापूर सोडलेलं नाही," ती म्हणाली. "मी जाऊ ना यांच्याबरोबर एवढ्या लांब?"

हा प्रश्न तिनं सोलापुरात कितीतरी जणांना विचारला असता तर चाललं असतं. तिनं तो मला विचारला. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित ती घाबरून मागं सरली असती. ते नुसतं एक 'नाही' होतं आणि ते म्हणायला तिनंच मला सांगितलं होतं. मी काचेतून समोरच्या भिंतीकडं बघितलं. शेजारी बसलेला माणूस वासराची शिंक सांगताना कसा दिसतो, ते मला दिसत होतं. तिला ते अजून दिसायचं होतं.

"जा," मी म्हटलं. "बिनघोर जा. फक्त गाडीत पुढं बसलात की रस्त्याकडं तुम्ही लक्ष ठेवा. ह्यांचं लक्ष शेतातल्या गुरांकडं असतं. खड्डा आला की आधी सांगत जा."

ती हसली. मोकळं हसली. "सांगेन," म्हणाली. "थँक्यू, ताई."

मी फोन डॉक्टरांकडं दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि पलीकडून ती काहीतरी म्हणाली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम उघडला. "हो, बघतो मी गुरांकडं," ते म्हणाले. "अगं, परवा बेडगला एक म्हैस..." आणि मग ते बोलतच सुटले. आपोआप सुचत होतं. आवाज मात्र मी कधी ऐकलेला नव्हता. आमच्याशी बोलायचे त्यापेक्षा बारीक, जपून टाकलेला.

मी मान फिरवून बाहेर बघत बसले. डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं नाही म्हणून मी खालचा आवाज ऐकायला लागले.

कट्ट.

थोड्या वेळानं, पलीकडच्या बाजूला, कट्ट.

मग पुन्हा अलीकडे. कट्ट.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. बोल्ट खरा आवळला जात असतो तेव्हा पाना आधी फिरतो, लोखंड कुरकुरतं, आणि मग कट्ट होतं. इथं काही फिरत नव्हतं, काही कुरकुरत नव्हतं. पाना लावला की लगेच कट्ट होत होतं. म्हणजे सगळे बोल्ट आधीच आवळून झालेले होते. कधीच झाले होते. डॉक्टरांनी बायकोशी काय बोलायचं असतं म्हणून विचारलं, त्याच सुमाराला झाले असतील. अण्णा त्यानंतर नुसते एका बोल्टावरून दुसऱ्या बोल्टावर जात होते, पाना लावत होते, आवाज करत होते आणि परत फिरत होते. ते काम करत नव्हते. ते खाली थांबले होते.

मी कोपऱ्यातल्या पोत्यांकडं बघितलं. पोती कोरडी होती.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. चहाच्या वेळेपासून, मोतिया ड्रेसपासून, की त्याच्याही आधीपासून. त्यांनी आदल्या दिवशी बोल्ट तसाच ठेवायला सांगितला. आणि आज, लग्न ठरल्याचं ऐकल्यावरसुद्धा, आपल्या पोरीला काही बोलायचं राहिलं असेल तर तिला बसायला जागा आणि थोडा वेळ मिळावा, म्हणून गुडघे गेलेला तो माणूस पिटात उतरला होता. मगाशी मला त्यांचा राग आला होता. आता मला इतकी माया दाटून आली की डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

मी हळूच दार उघडलं आणि खाली उतरले. डॉक्टरांना कळलंही नाही. पिटाच्या तोंडाशी जाऊन मी वाकले.

अण्णा एका हातानं भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर घाम होता आणि एक पाय त्यांनी उचलून धरला होता. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांनी नीट वाचलं असावं, कारण त्यांनी पाना पुन्हा बोल्टाकडं उचलला.

"आणखी एकदा फिरवू का गं?" त्यांनी हळू विचारलं.

"नको, अण्णा."

"मला काय घाई न्हाई. तू बस जा हवं तर आत. मी हाय की खाली."

गाडीतून डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं. अण्णांनी ते ऐकलं आणि मीही ऐकलं.

"वर या तुम्ही," मी म्हटलं. "ती जायला तयार आहे त्यांच्याबरोबर."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि हात वर केला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यांना वर ओढून घेतलं.